कंदीलपुष्पाचा फोटो

"फूल सापडलं म्हणून खुशाल सांग, पण कुठे ते सांगू नकोस. देव्हाऱ्यातले देव कुणी रस्त्यावर मांडतं का?" मार्गदर्शक बाई गेल्या, तरी त्यांचं हे सांगणं विशाखाने पाळलं होतं. पीएच.डी.साठी नव्या सरांना तिने कोकणातल्या सड्यावरच्या, त्या उघड्या कातळपठारावरच्या, दुर्मीळ कंदीलपुष्पाचा फोटो तेवढा पाठवला; गावाचं नावही लिहिलं नाही. फोटोबरोबर फोन जागेची खूणही पाठवतो, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

आज विद्यापीठात रुजू व्हायचं होतं. ती पूजेला बसली, तोच सड्याखालच्या गुरवकाकींचा फोन आला.

"गो चेडवा, तुझी माणसां येवन गेली."

"माझी? मी कुणाला पाठवलं नाही, काकी."

"असां काय करतंस? तू काढलेलो फोटो दाखवल्यानी, म्हणान मियाच वाट दाखवलंय. सगळी झाडां मुळासकट पोत्यात भरून नेल्यानी. कळीवरचा एक ठेवल्यानी, कळी उमलली काय नेवक सांजेक परत येतो म्हणाले."

विशाखाचा हात थांबला. तो फोटो सरांखेरीज कुणाकडेच नव्हता.

"काकी, त्या रोपापाशी मी येऊन बसते. बी धरेपर्यंत हलायची नाही, शब्द देते."

"येकट्यान येतलंस? ते चौघे हत गो."

फोन ठेवताच सरांचा निरोप आला, "वाट बघतोय. आज आली नाहीस तर प्रवेश रद्द."

तिने उरलेली फुलं देवाला वाहिली, हात जोडले आणि हलकेच दार ओढून सड्याकडच्या एसटीसाठी निघाली.