त्रेपन्नातलं एक

टँकर आज तात्यांच्या दारापुढे न थांबताच पुढे गेला. आपला ड्रम भरून घेताना सुगंधाने मान वर केली नाही.

वस्तीचं मतदान केंद्र वेगळं, मतं मोजून त्रेपन्न. टँकर ज्या आण्णांचा, त्यांना काल बावन्न पडली. एक मत विरोधात गेलं. ते कुणाचं, हे आण्णांच्या माणसांनी विचारलंसुद्धा नाही. दोन महिने पारावर बसून "पाण्यासाठी मत विकू नका" असं बजावणारे तात्या एकटेच तर होते!

मत सुगंधाचं होतं. बटण दाबताना तिला वाटलं होतं, तात्यांचं एक, आपलं एक. दोघं तरी असू.

दुपारी रिकामी कळशी घेऊन तात्या तिच्या दारात आले. ताठ मानेचा म्हातारा, पण आज नजरेला नजर देईना.

"सुगंधे, तुला म्हणून सांगतो. ते मत माझं नव्हतं गं. मशीनपुढं उभा राहिलो आणि अंथरुणातली म्हातारी डोळ्यांपुढं आली. आण्णांनाच दिलं. तू त्यांच्याकडं भांड्याला जातेस, तेवढं कानावर घालशील?"

सुगंधाने कळशी काठोकाठ भरली. "उद्या सांगते," ती म्हणाली.

सांगितलं, की आण्णा पुढचं एकच विचारणार होते : मग कुणाचं?

त्याला आता महिना झाला. ती रोज तात्यांची कळशी भरून देते आणि रोज म्हणते, "उद्या नक्की सांगते."