कॅमशाफ्ट आणि साडूंचा सल्ला

माझी आणि साडूंची गाडी एकाच मॉडेलची, कंपनीने केव्हाच बंद केलेली. नवी गाडी घ्या म्हणून दोघी बहिणींनी दोन्ही घरांत आघाडी उघडली, तेव्हा आम्ही एकमेकांना शब्द दिला होता, काही झालं तरी गाडी मोडीत काढायची नाही.

परवा माझ्या गाडीचा कॅमशाफ्ट मधोमध तुटला. मेकॅनिक म्हणाला, "वेल्डिंग करून जोडतो, पण किती टिकेल ते विचारू नका. नाहीतर भंगारातून अख्खा शाफ्ट शोधून आणा."

"त्यापेक्षा गाडीच भंगारात द्या," बायको म्हणाली.

घरात एकटा पडलो, म्हणून साडूंना फोन लावला.

"अहो, वेल्डिंगच्या नादी कसले लागताय!" साडू ठामपणे म्हणाले. "पुलाखालच्या भंगारवाल्याकडे जा, हवा तसा शाफ्ट मिळेल. आणि आमच्या मेहुणीबाईंपुढे अजिबात नमतं घेऊ नका. मी आहे ना तुमच्या बाजूने!"

माझा ऊर भरून आला. तसाच उठून भंगारवाल्याकडे गेलो. त्याने माझ्या मॉडेलचा शाफ्ट पुसून, फडक्यात गुंडाळून तयारच ठेवला होता.

"कुठल्या गाडीचा हो?" मी हरखून विचारलं.

 

"चांगल्या चालत्या गाडीचा आहे, साहेब. गेल्या आठवड्यात मालक स्वतः चालवत घेऊन आले होते, आणि मघाशी त्यांचाच फोन आला, की आमचे साडू निघालेत, शाफ्ट तेवढा काढून ठेवा."