जुबैरचं रक्त

अपघातात इख्लासताईचं इतकं रक्त गेलं होतं की सलाईनच्या दोन बाटल्या चढवूनही रक्तदाब वर येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता सलाईननं भागायचं नाही, रक्तच हवं."

आमच्या ॲटलासच्या डोंगरातल्या गावात तिच्याशी जुळणारं रक्त एकाचंच निघालं, जुबैरचं! पुढच्या शुक्रवारी त्याचं आणि ताईचं लग्न होतं.

जुबैर मात्र दवाखान्याच्या दारातच थबकला. "दुसऱ्या कुणाचं नाही का मिळणार?"

मी भडकलेच. "सुईला घाबरतोस? एवढा घोडा झालास, लाज नाही वाटत?"

तो बाही वर सारून खाटेवर आडवा झाला.

तासाभरानं ताईचा रक्तदाब चढू लागला. तेव्हा जुबैरनं साखरपुड्याची अंगठी काढून माझ्या हातावर ठेवली. "इख्लासला दे. माझं रक्त तिच्यात गेलं, आता मी तिचा भाऊ झालो."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "अरे वेड्या, आपल्या धर्मात एका बाईचं दूध प्यायलेली मुलं भावंडं होतात, त्यांचं लग्न होत नाही. रक्ताला कुठला आलाय तो नियम?"

"खरंच?" त्यानं तीनदा विचारलं. मग अंगठीसाठी हात पुढे केला.