कोरी मान

उजाडता उजाडता शकुननं हाक मारली. अंथरुणात काहीतरी वळवळलं होतं आणि करंगळीला मुंगी चावल्यासारखं झालं होतं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली पोर ती. तान्ही मुलगी पाळण्यात निजली होती.

बापानं, खुशालरावानं, गोधडी झटकली. हातभर लांबीचा काळा साप खाली पडला. अंगावर पांढरे पट्टे. त्यानं काठीनं त्याचं डोकं ठेचलं आणि दाराच्या उजेडात नेला.

"कवड्या हाये का मण्यार?" कौशल्येनं नवऱ्याला हळूच विचारलं.

वांगी-मिरच्यांच्या वाफ्यांत खुशालरावानं दोन्ही पुष्कळ पाहिले होते. मण्यार जीवघेणी, कवड्याला विष नाही. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. त्यानं काडीनं साप सरळ केला. मान कोरी काळी होती. पट्टे बरेच खाली सुरू झाले होते, बारीक, जोडीजोडीनं, पार शेपटीपर्यंत ठळक. मानेला माती लागली असेल म्हणून त्यानं ती धोतराच्या सोग्यानं पुसली. खाली काळंच होतं.

"कवड्या होय," आत ऐकू जाईल असं तो म्हणाला. भ्यालं की विष भरभर चढतं, असं तो ऐकून होता.

मग परसात जाऊन त्यानं मुलाचा, भगवंताचा, दंड धरला. "बंडी जुप. अमरावतीच्या दवाखान्यात नेऊ तिले."

"नाल्याले पूर हाये, बाबा. बैल वाहून जातीन."

"उतरला असन. पाहून ये."

भगवंत पळत गेला. खुशालराव लेकीजवळ येऊन बसला.

"मी उगाच भेली," शकुन हसली. थोड्या वेळानं म्हणाली, "लय झोप येऊन राहिली मले."

"नको झोपू. बोल माह्यासंग."

"काहून? कवड्याच होय ना?"

"होय."

तिच्या पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या. शब्द तोंडातल्या तोंडात घोटाळत होते. भगवंत कमरेपर्यंत चिखलानं भरून परतला आणि दारातच उभा राहिला. बापाकडे पाहून त्यानं नाही म्हणून मान हलवली.

पाळण्यातली पोर रडू लागली. शकुननं चोळीची गाठ सोडली आणि हात पुढं केले.

"आण माय तिले. भुकेली असन."

कौशल्येनं नातीला उचललं. खुशालराव मध्ये आला.

"राहू दे. आत्ता नको पाजू."

"काहून, बाबा?"

शकुननं बोटानं एक पापणी वर उचलली आणि बापाच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं पदर ओढून घेतला.

"मंग शेजारच्या वच्छलाले बलवा," जड जिभेनं ती म्हणाली. "तिचं लेकरू अंगावर पिते अजून."