पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे

ती निओ-सोल या पाश्चात्य गायनशैलीतला तिचा पहिला अल्बम कुठल्याही कंपनीशिवाय, स्वतःच्या हिमतीवर काढत होती. गाणी तिचीच, रेकॉर्डिंगही घरीच केलेलं. आवाज साफ करायचं काम तेवढं माझ्याकडे. पण आठही गाण्यांचा सूर कीबोर्डवर कुठेच बसेना. पांढरी दोन आणि काळी दोन या शेजारच्या पट्ट्यांच्या मधे कुठेतरी अडकलेला.

"मुद्दाम केलंयस का हे?" मी वैतागून विचारलं.

"बाबांचं ऑक्सिजनचं मशीन त्या सुरात वाजायचं. त्यांना एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या खोलीच्या दाराला पाठ टेकून गायचे. मशीन बंद करणं तर शक्यच नव्हतं. मग त्याच्याच सुरात गाणी बांधली."

खरंच, गाण्याखाली तो बारीक 'घूंऽऽ' होता. एकेका गाण्यातून मी तो खरवडून काढला. दोन दिवस नुसतं डोकं उठलं. आठव्याला आलो, तर काढायला काही नव्हतंच.

"हे शेवटचं कसं काय इतकं स्वच्छ?"

"ते बाबा गेल्यावर महिन्याभराने गायले. मशीन कधीच परत नेलं होतं."

मी पुन्हा तपासलं. सूर तोच होता, केसभरही हललेला नाही. असला अधलामधला सूर नुसत्या आठवणीवर कुणाला धरता येत नाही. आधाराला काहीतरी वाजत असावंच लागतं.

"मग हे गाताना सूर कुठून घेतलास?"

"नेहमीसारखाच," ती म्हणाली, "दाराला पाठ टेकून."