समोरच्याची बाजू

"दवाखाना चांगला आहे," एवढंच म्हणून गुरुजी खाली बसले.

नर्सबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. या ट्रस्टची रीतच विचित्र. देणगी मागायला दोघं आले की आपली बाजू आपण मांडायची नाही, समोरच्याची मांडायची. स्वतःची तारीफ काय, कुणीही करतो, असं अध्यक्षबाईंचं म्हणणं. यंदा पैसे एकालाच मिळणार होते. एकीकडे नर्सबाईंचा दवाखाना. घरमालकाने महिनाअखेर जागा रिकामी करायला सांगितलेली. दुसरीकडे गुरुजींच्या प्रार्थनाघराचं गळकं छप्पर.

आणि नर्सबाई तर आधीच बोलून बसल्या होत्या, तेही जीव ओतून. खोटं त्यांना जमतच नसे, त्याला काय करणार? "पावसात म्हातारी माणसं तिथे छत्री उघडून प्रार्थना करतात," त्या म्हणाल्या होत्या. "माझे उपाय संपले की मी माणसं गुरुजींकडेच पाठवते. तिथे बसून आली की निदान शांत झोपतात तरी." ऐकता ऐकता खजिनदारांनी चष्मा काढून पुसला होता.

निकाल व्हायचा तोच झाला. पैसे छपराला.

नर्सबाई तरातरा जिना उतरल्या. स्वतःच्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. आता मलमपट्टीला येणारी माणसं कुठे बसवायची? त्यांचे डोळे भरून आले. मागून गुरुजी धापा टाकत आले.

"अहो बाई, थांबा तरी. रागावलात?"

"नाही, आनंदाने नाचतेय! तुमच्यासाठी घसा कोरडा केला मी. तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"मीच लावलं होतं." गुरुजी कठड्याला टेकले. "नीट बोललो असतो तर पैसे तुम्हाला मिळाले असते. वर्षभराचं भाडं सुटलं असतं. पुढे काय? पुन्हा नवा घरमालक, पुन्हा बोचकी."

"मग आता जाऊ कुठे?"

"प्रार्थनाघरामागे तीन खोल्या आहेत. गळतात म्हणून बंद ठेवल्यात. छपराचं काम तिथूनच सुरू करतोय, महिनाअखेर कोरड्या होतील. भाडं नाही, मुदत नाही. दवाखाना आणा."

नर्सबाई मटकन पायरीवरच बसल्या. छातीवरचं ओझं उतरलं आणि त्या रडता रडता हसायला लागल्या.

"काळजाचं पाणी झालं होतं माझ्या! हे आधी नाही का सांगायचं?"

"आधी सांगितलं असतं, तर छपरासाठी बोलताना तुम्ही स्वतःसाठीच बोलला असतात," गुरुजी म्हणाले. "आणि ते तुम्हाला जमलं नसतं."