दोरी परत खाली

"दोरी परत खाली आली," सासूबाई दारातूनच म्हणाल्या.

मागच्या खोलीत खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंत बांधलेली कपड्यांची दोरी मधोमध पोट सुटल्यासारखी लोंबत होती. चादरीचं टोक फरशीला लागलं होतं. भोपळ्याची दुपटी घसरत घसरत मध्ये येऊन एकमेकांना चिकटली होती. आठ महिन्यांच्या नातवाला सासूबाई भोपळाच म्हणत. अंगानेही होताच तो तसा.

"रात्री घट्ट बांधली होती हो मी," सून म्हणाली.

"घट्ट? एवढी शिकलीस, कॉलेजात गाठ मारायला नाही शिकवली?"

"आमच्या प्रयोगशाळेत गाठी नसतात, आई. बाटल्या असतात."

"मग बाटलीत वाळव कपडे. सर बाजूला."

दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला पक्कं होतं. दुसरं भिंतीवर उंच लावलेल्या एका लहान कप्पीवरून खाली येऊन खिळ्याला बांधलेलं असे. सुटायचं ते हेच टोक. सासूबाईंनी ते सोडलं, दोन्ही हातांनी धरलं आणि खेचायला लागल्या. जोर सगळा डाव्या हाताचा. उजवा नुसता आधाराला, दोरीसोबत वर-खाली होणारा. "आई गं," त्या पुटपुटल्या, पण दोरी अर्धवट सोडली नाही. तीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले होते. सैल शिवण आणि सैल दोरी त्यांना बघवत नसे.

"तुम्ही आहात म्हणून," सून म्हणाली. हे ती रोज म्हणे आणि सासूबाईंना ते रोज आवडे.

न्हाणीत पाय घसरून उजवा खांदा मोडल्याला चार महिने झाले होते. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. त्या एकट्या पडू नयेत म्हणून सुनेने त्यांना इथे आणलं. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, दाराला काहीबाही टांगून वीस वेळा वर, वीस वेळा खाली करायला लावायच्या. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांना वाटेला लावलं. "मी काय झोपाळा आहे?" सून बाईंना दारापर्यंत सोडायला गेली. बाई टांगलेलं सामान तिथेच विसरून गेल्या.

पण पहिली तारीख जवळ येत होती. सुनेची रजा तेव्हा संपणार, मुलगा कायम फिरतीवर, आणि भोपळ्याला झोळीत ठेवायचं-काढायचं तर दोन धड हात हवेत. सुनेच्या कपाटात राजीनाम्याचं पत्र होतं, तारीख न घातलेलं. सासूबाईंनी ते पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं. स्वयंपाकघरात आता त्यांना कुणी हात लावू देत नव्हतं. घरात त्यांच्यावाचून अडणारं काम एकच उरलं होतं: ती दोरी.

म्हणून त्या दोरीच्या मागेच लागल्या. "जड कपडे कडेला, हलके मध्ये." सुनेने ऐकलं. "नवी दोरी आण, आधी भिजवून ताणून घे." सुनेने आणली, भिजवली, ताणली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी खालीच.

"भुताटकी आहे," सून म्हणाली.

"भूत बरं, ते निदान गाठ तरी मारेल."

सून तशी काळजीचं गाठोडंच होती. बाळाला ठेवण्याआधी झोळीला एक हिसका देऊन बघायची, मग दुसरा, मग उगाच तिसरा. सासूबाई हसायच्या. "अगं, सुटायला ती काय तुझी कपड्यांची दोरी आहे?"

मग एका गुरुवारी सून अंघोळीला गेली आणि भोपळ्याने भोकाड पसरलं. सासूबाई उठल्या, झोळीपाशी गेल्या. सून केसांत फेस घेऊन धावत बाहेर आली, तर भोपळा आजीच्या उजव्या खांद्यावर बसून तिचे केस ओढत होता.

"आई, तुमचा हात..."

"हाताचं सोड, त्याची नखं काप आधी," सासूबाई म्हणाल्या आणि मग त्यांनाच रडू फुटलं.

पत्राचे तुकडे संध्याकाळी केराच्या डब्यात दिसले. सासूबाईंनी तेही पाहिलं नाही असं दाखवलं.

पहिल्या तारखेला सकाळी सून आत वेणी घालत होती. भोपळा आता उभा राहायला बघत होता, झोळी वीतभर खाली घ्यायला हवी होती. छतातून आलेला दोर डोक्याच्या वर झोळीच्या कडीला बांधलेला होता. सासूबाईंनी हात वर केला. तो सहज गेला. त्यांनी गाठ चाचपली, नखं लावली. मग कात्रीचं टोक घालून पाहिलं. गाठ हलेना. कात्री ठेवून त्या तिच्याकडे बघत राहिल्या. दोराचे वेढे एकाशेजारी एक, मशीनवर शिवल्यासारखे. आठ महिने ही गाठ बोटभरही घसरली नव्हती.

"ही झोळी कोणी बांधली गं?"

"मीच," आतून आवाज आला. "तो जन्मला तेव्हाच. का हो?"

"काही नाही. सहज."

त्या मागच्या खोलीत गेल्या. पहाटे त्यांनीच ताणलेली दोरी तारेसारखी सरळ होती. त्यांनी मान वर करून कप्पीकडे पाहिलं. व्यायामाच्या बाईंनी दाराला टांगली होती तीच ही कप्पी, हे त्यांनी आता ओळखलं. मग खाली वाकून त्यांनी आपलीच गाठ सोडली, दोरी हातभर सैल सोडली आणि टोक खिळ्याला कसंबसं गुंडाळलं.

"अगं ए," त्या ओरडल्या, "दोरी परत खाली आली बघ! कधी शिकणार गं तू?"